वाफेची पाळी

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या दोन एकरांतला ऊस उभाच होता. जानेवारी २०२१ ची लागण, म्हणजे सोळा महिने होऊन गेले होते. पाचट वाळून खडखडत होते, तुरे येऊन गळले होते, कांड्या आतून पोकळ पडू लागल्या होत्या. उकाड्यामुळे आम्ही गच्चीवर झोपायचो आणि तिथून दूरवर कारखान्याचे धुराडे दिसायचे. दिवस असो की रात्र, धूर सुरूच. मी बायकोला म्हणालो, "तिथल्या प्रत्येक तासाचा हिशेब लिहिलेला असतो. आपल्या उसाची तारीख मात्र कुणाकडेच नाही." ती म्हणाली, "मग तो हिशेब बघून या की."

हा लेख त्या बघून येण्यातून झाला. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. १९९० नंतर सात हंगाम मी एका सहकारी कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये मदतनीस होतो. पुढे मोटारी भरण्याचे दुकान टाकले. वाफेचे कोष्टक वाचायला शिकलो ते जालन्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या एका फाटक्या पुस्तकावरून, शेजारी शब्दकोश ठेवून. त्यामुळे इथे जे सांगतो ते वापरून, मोजून आणि बऱ्याचदा चुकून कळलेले आहे. त्यातली एक चूक पुढे सांगणारच आहे.

आपल्या जिल्ह्यात ऊस आला तो नाथसागराच्या पाण्यावर. पैठणच्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून पुढे परभणीकडे गेला आणि ज्वारी-कपाशीच्या पट्ट्यात उसाचे फड दिसू लागले. अंकुशनगरचा 'समर्थ', तीर्थपुरीचा 'सागर', वर भोकरदनकडे 'रामेश्वर' अशी कारखान्यांची नावे गावागावांत घरच्या माणसासारखी घेतली जाऊ लागली. कालव्याबरोबर आणखी एक शब्द आमच्या बोलण्यात पक्का झाला, तो म्हणजे पाळी. पाणी एकच आणि शेते अनेक, म्हणून कुणाला कधी, किती वेळ, कोणत्या क्रमाने द्यायचे हे ठरवावे लागते. वाफेचेही अगदी तसेच असते.

*

लहानपणी मामांच्या गुऱ्हाळावर मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला. चरकातून निघालेले चिपाड उन्हात वाळवायचे आणि तेच चुलवाणात घालायचे. म्हणजे ज्या उसाचा रस कढईत उकळतो आहे, त्याच उसाच्या चोथ्याचा जाळ खाली असतो. जाळ घालणारा गडी गुळव्याच्या हाकेकडे कान लावून असे. रस उतू जायला लागला की जाळ कमी, पाक यायला लागला की एकसारखा मंद. वाळलेले चिपाड किती उरले आहे, आभाळ भरून आले तर काय, हे त्याला सतत मनात ठेवावे लागे. आज ज्याला मोठमोठी यंत्रे नियोजन म्हणतात, ते तो हाताने करत होता.

साखर कारखाना म्हणजे या गुऱ्हाळाचा प्रचंड वाढलेला अवतार. फरक एवढाच, की इथे जाळावर आधी पाणी उकळते, त्याची वाफ होते आणि ती वाफ दोन कामे करते. बॉयलरमधून ती मोठ्या दाबाने निघते, टर्बाइनची चाके फिरवते, त्यातून वीज होते. टर्बाइनमधून बाहेर पडताना तिचा दाब उतरलेला असतो, पण तिच्यातली उष्णता बहुतांश शिल्लक असते. कारखान्यात या वाफेला एक्झॉस्ट म्हणतात. ती इव्हॅपोरेटरकडे जाते, रस आटवते, आणि पाणी होऊन परत बॉयलरमध्ये येते. एकाच जाळावर वीज आणि उष्णता दोन्ही, यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. कामगारांच्या तोंडी तो 'कोजन' असतो.

आता आकडे. १०० टन ऊस गाळला की साधारण २९ टन बगॅस निघतो, त्यात निम्मे पाणीच असते. एक टन बगॅस जाळून सव्वादोन टनांच्या आसपास वाफ मिळते. मी हिशेबाला २.२ धरतो. म्हणजे १०० टन उसामागे सुमारे ६४ टन वाफ. रस आटवायला त्यातली ४५ टन लागते असे समजू. जुन्या कारखान्यांत ती ५० टनांपर्यंत लागायची, चांगल्या कारखान्यांत ४० च्या खाली आली आहे. उरली १९ टन. ही उरलेली वाफच सगळ्या नियोजनाचे मूळ आहे.

पूर्वी बॉयलर २१ किलो दाबाचे असत. एक युनिट वीज काढायला अकरा-बारा किलो वाफ लागे. कारखान्याची गरज कशीबशी भागायची आणि उरलेला बगॅस म्हणजे अडचण वाटायची. मग ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले. ६७ किलोच्या बॉयलरची वाफ टर्बाइनमधून एक्झॉस्टपर्यंत उतरवली, तर साडेसहा-सात किलोत एक युनिट मिळते. म्हणजे एक टन वाफेमागे सुमारे १५० युनिट, आणि रस आटवायची उष्णता वर. तीच वाफ एक्झॉस्टला न थांबवता पुढे कंडेन्सरपर्यंत, निर्वातात उतरवली, तर टनाला सुमारे २५० युनिट मिळतात. पण मग तिच्यातली उष्णता थंड पाण्याला देऊन टाकावी लागते आणि ती कूलिंग टॉवरवरून हवेत जाते.

इथे माझी चूक सांगतो. मी वहीत लिहिले होते, 'प्रक्रियेत एक टन वाफ वाचवली की २५० युनिटचा फायदा.' वर्षभर मी हे लोकांना सांगत होतो. एकदा रात्री दुकानात बसून पुन्हा मांडले तेव्हा लक्षात आले, की ती एक टन वाफ रसाकडे जाण्यापूर्वीच १५० युनिट देऊन गेलेली असते. ती कंडेन्सरकडे वळवली तर २५० मिळतील, पण १५० आधीच मिळत होते. वाढ १०० युनिटचीच. दुसऱ्या वाटेने जाऊन पाहिले. ती वाफ तयारच केली नाही आणि तेवढा बगॅस हंगामानंतरसाठी ठेवला, तर आजचे १५० गेले आणि पुढे २५० आले. पुन्हा १०० च. दोन वाटांनी एकच उत्तर आले तेव्हा मला खात्री पटली.

या १०० युनिटचा अर्थ मोठा आहे. रसाला दिलेल्या एक टन वाफेत जी उष्णता असते, ती विजेच्या शेगडीने द्यायची म्हटली तर सुमारे ६०० युनिट लागतील. सहवीजनिर्मितीत तीच उष्णता आपण १०० युनिट विजेचा त्याग करून मिळवतो. एकास सहा.

*

हा एकास सहाचा हिशेब थंड देशांतल्या लोकांनी फार पूर्वी ओळखला. अमेरिकेत लॉकपोर्ट या गावी बर्डसिल हॉली यांनी १८७७ साली एका बॉयलरमधून नळाने घराघरांत वाफ पोचवली. डेन्मार्कमध्ये तर १९७३ च्या तेलसंकटानंतर देशाने हे धोरणच केले, १९७९ साली त्यासाठी कायदा झाला. आज तिथली दर तीन घरांतली दोन घरे अशा सामूहिक नळाच्या गरम पाण्यावर ऊबदार राहतात. आपल्याकडे नळाला पाणी येते, तसे तिथे गरम पाणी येते, घरातल्या लोखंडी पन्हाळींतून फिरते आणि गार होऊन विद्युतकेंद्राकडे परत जाते. विद्युतकेंद्राच्या दृष्टीने पाहिले तर डेन्मार्कमधल्या शहराची घरे आणि आमच्या कारखान्याचा उसाचा रस यांत फरक नाही. दोघांनाही उष्णता हवी आणि दोघेही फार थांबू शकत नाहीत.

आता नियोजनाचा पेच पाहा. वीज आणि उष्णता एकाच जाळाची जुळी भावंडे. बॅक प्रेशर टर्बाइन असेल तर वीज उष्णतेच्या मागेच चालते. शहराला जेवढी ऊब हवी, तेवढीच वाफ सोडायची आणि तिच्यातून जी होईल ती वीज. पण विजेचा भाव वेगळ्या तालावर चालतो. तिथल्या बाजारात उद्याच्या विजेचे दर आज ठरतात. वारा जोरात असला की पवनचक्क्यांची वीज येते आणि दर पडतो. पहाटे घरांना ऊब हवी असते, तेव्हा वीज स्वस्त असू शकते. संध्याकाळी वीज महाग होते, तेव्हा घरे अजून उबदार असतात. दोन धनी आणि एकच नोकर.

यावर तिथल्या लोकांनी काढलेला उपाय आमच्या रांजणासारखा आहे. केंद्राशेजारी गरम पाण्याच्या भल्यामोठ्या टाक्या उभारल्या. वीज महाग असेल तेव्हा टर्बाइन पूर्ण चालवायची, जास्तीची उष्णता टाकीत भरायची. वीज स्वस्त झाली की टर्बाइन उतरवायची आणि शहराला टाकीतले पाणी द्यायचे. त्यामुळे उष्णता आणि वीज यांची गाठ काही तासांपुरती सैल होते.

पण टाकी आली की निर्णय अवघड होतो. टाकी नसताना प्रत्येक तास स्वतंत्र होता. आता या तासाला भरलेली टाकी पुढच्या तासाचा खर्च वाचवते, म्हणून एकेका तासाचा उत्तम निर्णय वेगवेगळा घेऊन भागत नाही. शिवाय बॉयलर-टर्बाइन म्हणजे दिव्याचे बटण नाही. थंड बॉयलर सावकाश तापवावा लागतो, नाहीतर धातू तडकतो. बंद टर्बाइनचा दांडा हळूहळू फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने वाकतो. बंद करून चालू करण्यातच इंधन आणि वेळ जातो. म्हणून 'दोन तास भाव पडला, करा बंद' असे होत नाही.

हा गुंता सोडवण्याची एक रीत लग्नघरातल्या आचाऱ्याला ठाऊक असते. मुहूर्त साडेबाराचा, म्हणजे पंगत एकला, म्हणजे भात इतक्या वाजता चढला पाहिजे, म्हणजे चूल त्याआधी मोकळी झाली पाहिजे. तो शेवटापासून मागे येतो. रिचर्ड बेलमन या गणितज्ञाने १९५० च्या दशकात हीच रीत गणितात बसवली. दिवसाच्या शेवटच्या तासापासून मागे यायचे. प्रत्येक तासाला 'टाकीत एवढे पाणी असेल तर इथून पुढे सर्वांत कमी खर्च किती' एवढेच लिहून ठेवायचे. पहिल्या तासाशी पोचलो की सगळ्या दिवसाचा क्रम हातात येतो.

दुसरी रीत त्याआधीची. १९३८ साली सोव्हिएत रशियात लिओनिद कान्तोरोविच यांच्याकडे प्लायवूडच्या कारखान्याचा प्रश्न आला. कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड घालावे म्हणजे उत्पादन सर्वांत जास्त होईल, असा तो प्रश्न होता. उत्तर शोधताना त्यांच्या असे ध्यानात आले, की प्रत्येक मर्यादित वस्तूला त्या योजनेच्या आत एक दडलेली किंमत असते. ती वस्तू आणखी एक नग मिळाली तर एकूण फायदा किती वाढेल, तीच ती किंमत. बाजारात तिचा भाव काहीही असो. माझ्या वहीतले १०० युनिट म्हणजे प्रक्रियेच्या एक टन वाफेची अशीच दडलेली किंमत. ती कळायला मला वर्ष लागले.

*

आपल्याकडे उष्णतेची टाकी कुठे आहे? रस साठवता येत नाही. तापलेला रस फार वेळ थांबला तर त्यातली साखर मोडते, मग ती पॅनमध्ये दाणा धरत नाही. टाकी आहे ती उष्णतेच्या आधीच्या पायरीवर, बगॅसच्या ढिगात. मार्चमध्ये न जाळलेला बगॅस जूनमध्ये जाळता येतो. पण ढीगही निरुपद्रवी नसतो. तो कुजतो, आतून तापतो, आणि उन्हाळ्यात बगॅसच्या ढिगांना आगी लागतात. शिवाय हंगाम संपल्यावर रस नसतो, त्यामुळे सगळी वाफ कंडेन्सरलाच द्यावी लागते. त्या वेळी उष्णता घेणारा कुणीच नसल्याने एकास सहाचा फायदा संपलेला असतो.

उष्णतेची गरज कमी करण्याची युक्ती मात्र साखरधंद्याने जगाला दिली आहे. एका भांड्यातून निघालेल्या वाफेवर पुढच्या भांड्यातला रस कमी दाबाखाली उकळायचा, त्याच्या वाफेवर तिसऱ्यातला. १८४३ साली नॉर्बर्ट रिलियू यांनी याचे पेटंट घेतले. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये एका कृष्णवर्णीय आईच्या पोटी १८०६ साली जन्मलेला हा माणूस. त्याच्याआधी मजूर उघड्या कढयांतला उकळता रस पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतत आणि भाजत. आज कारखान्यात चार-पाच बॉडी ओळीने उभ्या दिसतात, त्या त्यांच्या कल्पनेच्या. चार बॉडीत एक किलो वाफ सुमारे चार किलो पाणी उडवते.

विजेच्या बाजूने २००३ चा वीज कायदा महत्त्वाचा. त्याच्या ८६ व्या कलमाने सहवीजनिर्मितीला उत्तेजन देणे हे राज्य नियामक आयोगाचे काम ठरवले. जास्तीची वीज महावितरणला विकता येऊ लागली आणि अडचण वाटणारा बगॅस इंधन झाला. देशाच्या वीजजाळ्यात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून पुरवठा आणि मागणी जुळवली जाते. विजेचा काटा इतका बारीक झाला आहे. आमच्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद भट्ट्यांना विचारा. रात्रीच्या सवलतीच्या दरासाठी त्यांनी वर्षानुवर्षे आपली पाळी रात्रीकडे सरकवली.

*

मे २०२२ मध्ये मी एका कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये गेलो. तिथला तरुण इंजिनिअर ओळखीतला. त्याने स्वतःसाठी केलेला तासवार तक्ता दाखवला. चोवीस ओळी होत्या. बॉयलरवर किती भार, रसाला किती वाफ, कंडेन्सरला किती, ढिगात बगॅस किती, जाळ्यात वीज किती. सुंदर काम होते. दोन ओळींवर लाल शाईने 'नो केन' लिहिले होते. पहाटे गाड्या आल्या नाहीत, गव्हाण रिकामी राहिली, पण बॉयलर तर उतरवता येत नाही, म्हणून ढिगातला बगॅस जाळून वाफ धरून ठेवली होती.

मी म्हणालो, "साहेब, इकडे गव्हाणीत ऊस नाही आणि माझ्या शेतात सोळा महिन्यांचा उभा आहे. तो या तक्त्यात कुठे बसतो?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "काका, माझा तक्ता गव्हाणीपासून सुरू होतो. त्याच्या अलीकडचे शेतकी विभागाकडे."

शेतकी विभागात उत्तर मिळाले की टोळ्या नाहीत, स्लिपबॉय सांगेल. ते खोटेही नव्हते. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात १३०० लाख टनांहून अधिक ऊस गाळला गेला. सलग चांगल्या पावसाने मराठवाड्यात ऊस वाढला होता आणि तोडणी मजूर उन्हाने थकून गावी परतत होते. कारखाने जूनपर्यंत चालले. मेपासून गाळलेल्या उसासाठी शासनाने टनामागे २०० रुपये उतारा-घटीचे अनुदान जाहीर केले. म्हणजे नुकसान सर्वांना दिसत होते.

माझा ऊस शेवटी मेअखेरीस गेला. वेळेवर ८० टन भरला असता, भरला ६१. घरी येऊन मी हिशेब मांडला. ऊस वाळतो तेव्हा मुख्यतः पाणी जाते, काही साखर मोडते, पण तंतू तसाच राहतो. ताज्या उसात तंतू १४ टक्के धरला तर टनाला २९ टक्के बगॅस. वाळलेल्यात १७ टक्के धरला तर ३५ टक्के. माझ्या ८० टनांतून २३ टन बगॅस निघाला असता, ६१ टनांतूनही २१ टनांच्या वर निघाला असेल. माझे वजन चोवीस टक्क्यांनी घटले, बगॅस आठ टक्क्यांच्या आसपास. टनाला हातात पडणारे २२०० रुपये धरले तर माझे ४१,८०० रुपये उन्हात गेले. साखरेचा उतारा पडल्याने कारखान्याचेही नुकसान झालेच, ते मी नाकारत नाही. पण पॉवर हाऊसच्या तक्त्यात हा ऊस वाईट दिसत नव्हता. उलट चांगला पेटत होता.

गणिताकडून मला जे शिकायला मिळाले ते एवढेच. नियोजनाची रीत बेलमनची असो की कान्तोरोविचची, ती तिला सांगितलेलेच नुकसान कमी करते. तक्त्याबाहेर ठेवलेले नुकसान तिच्या लेखी शून्य असते. डेन्मार्कच्या तक्त्यात पहिली ओळ घरांच्या उबेची असते, कारण थंडीत गारठलेले घर कुणी मान्य करणार नाही. आमच्या तक्त्यात रसाची ओळ आहे, विजेची आहे, ढिगाची आहे. शेतात उभ्या उसाच्या दिवसांची ओळ नाही.

ही ओळ घालणे अशक्य नाही. लागणीची नोंद कारखान्याकडेच असते, तारखेसह. ऊस पक्व झाल्यापासून किती दिवस उभा आहे, त्या प्रत्येक दिवसाची किंमत किती, हे धरून तोडणीचा क्रम लावला तर गव्हाणीतले 'नो केन'ही कमी होईल, कारण दोन्ही टोके एकाच हिशेबात येतील. पैशाच्या वाटणीतही हाच मुद्दा आहे. रंगराजन समितीने २०१२ साली साखर, बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या उत्पन्नातले ७० टक्के ऊसउत्पादकाला द्यावेत असे सुचवले. त्याच धर्तीवर राज्याने २०१३ साली ऊस दराचा कायदा केला. त्यात बगॅस मोजला जातो, त्यापासून झालेली वीज नाही. मग कारखान्याने स्वतःच्याच बॉयलरमध्ये जाळलेल्या बगॅसची किंमत काय धरायची? बाजारातला भाव, की तो देत असलेल्या विजेवरून निघणारी दडलेली किंमत? यावर सभासदांनी वार्षिक सभेत बोलले पाहिजे, आणि बोलण्यासाठी आधी वाफेचा हिशेब समजून घेतला पाहिजे. मी हा लेख लिहिण्याचे मुख्य कारण तेच.

आणि या सगळ्याच्या अलीकडे पाणी आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात नाथसागर मृतसाठ्यावर गेला, कालव्याच्या पाळ्या बंद झाल्या. पाळी नाही तर ऊस नाही, ऊस नाही तर बगॅस नाही. मोठ्या दाबाचे बॉयलर त्यावर काही करू शकत नाहीत.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा बॉयलर अग्निप्रदीपनाचे कार्यक्रम झालेले असतील आणि गव्हाणीत मोळी टाकण्याची तयारी चालू असेल. त्या तरुण इंजिनिअरची गेल्या हंगामाअखेर भेट झाली. तक्त्यात खाली त्याने पेन्सिलने एक पंचविसावी ओळ आखली होती आणि पुढे लिहिले होते, 'शेतात उभा, दिवस'. रकाना रिकामा होता. "आकडा माझ्याकडे येत नाही, काका," तो म्हणाला, "पण जागा करून ठेवली." मी माझी वही त्याच्यापुढे ठेवली. आमच्या वस्तीवरच्या अकरा जणांच्या लागणीच्या तारखा मी त्यात लिहून आणल्या होत्या.